खंडेनवमीच्या पाटावरील पिस्तूल

खंडेनवमीला आपल्या जुन्या मराठी घरांतून शस्त्रे आणि अवजारे पाटावर मांडण्याचा प्रघात आहे. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, आमच्यासारख्यांच्या घरी तंबोरा आणि सारंगी. आणि ज्यांच्याजवळ परवाना असेल त्यांच्याकडे पिस्तूलही. हा प्रघात मोडावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु पूजा झाली म्हणजे निगा झाली, ही जी समजूत आपल्यांत रुजली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे.

गेल्या नवरात्रात मी आदिलाबादला मामांकडे होतो. त्यांच्याजवळ सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. ते वर्षभर चामडी म्यानात, म्यान कपाटात. बाहेर निघावयाचे ते याच दिवशी. सकाळी मामांच्या आठ वर्षांच्या नातीने ते दोन्ही हातांनी उचलून पाटावर आणून ठेवले. कोणीही हरकत घेतली नाही, मीही नाही. मामींनी पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले, वर झेंडूचे फूल ठेवले.

दुपारी शेजारचे एक निवृत्त सुभेदार जेवावयास आले. पाटाकडे पाहून त्यांनी विचारले, “भरलेले तर नाही ना?”

“छे हो! मॅगझिन कपाटात आहे,” मामा म्हणाले.

सुभेदारांनी नळी अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे धरली आणि स्लाइड मागे ओढली. ती हलेना. दुसऱ्या हिसक्याला आली, आणि एक काडतूस उडून रांगोळीत पडले. मामींनी नातीला जवळ ओढले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मी काही बंदुकीतला जाणकार नव्हे, पेटी शिकवून पोट भरणारा मनुष्य. पण त्या संध्याकाळी सुभेदारांपाशी बसून मी हे यंत्र समजून घेतले. प्रत्येक बाराबरोबर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा चढवते आणि पुढे येता येता मॅगझिनमधले नवे काडतूस नळीच्या तोंडात ढकलते. हे आवर्तन आपले आपण पुरे होते, आणि घात होतो तो येथेच. मॅगझिन काढून घेतले तरी तोंडात बसलेले काडतूस तेथेच राहते. म्हणून आधी मॅगझिन काढावयाचे, मग स्लाइड ओढावयाची, मग डोळ्यांनी पाहावयाचे आणि बोटानेही चाचपावयाचे. क्रम उलटा केला, तर आपणच नवे काडतूस आत भरतो. या सर्व वेळात बोट चापावर नको.

आम्हा गाणाऱ्यांना अशा पिस्तुलाचे नाव निघाले की २१ डिसेंबर १९०९ ची नाशिकच्या विजयानंद थिएटरातील रात्र आठवते. ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी झाडलेले पिस्तूल याच ब्राउनिंग जातीचे होते. ते वापरण्यासाठी आणले होते. आपली असतात ती ठेवण्यासाठी, आणि नुसते ठेवलेले यंत्र बिघडते.

मामांचे पिस्तूल सुभेदारांनी उघडले तेव्हा कुंकवाची पूड जुन्या तेलात कालवली जाऊन स्लाइडच्या खाचांत राळेसारखी बसली होती. पाण्याचा गंज निराळाच. चामडे ओल धरून ठेवते, तेव्हा म्यान नेण्याआणण्यापुरते, साठवणीसाठी नव्हे. नळी शक्यतो मागच्या बाजूने पुसावी, तेल अगदी बोटभर लावून जास्तीचे टिपून घ्यावे. फार तेलावर धूळ बसते, आणि ते काडतुसात झिरपले तर बार फुकट जातो.

पिस्तूल अडकू लागले की लोक कारखान्याला नावे ठेवतात. सुभेदारांच्या मते निम्म्याहून अधिक वेळा दोष मॅगझिनचा असतो: ओठ वाकलेले, नाही तर स्प्रिंग थकलेली. पुंगळी बाहेर निघता निघता अडकली, तर घाण, दुबळे काडतूस किंवा ढिली मूठ. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. बार उशिरानेही उडतो. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर दुसरा बार मुळीच काढू नये; गोळी नळीतच अडकलेली असू शकते. कानसीची घरगुती कारागिरी तर नकोच. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करवावी. कायदाही तेच सांगतो.

आमचे वडील दरबारी सारंगिये. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, तेव्हा दरबार मी पाहिला नाही, सारंगी पाहिली. खंडेनवमीला ते कुंकू लावीत ते गवसणीला. सारंगीच्या कातड्याला पाण्याचा थेंब लागू देत नसत, आणि पावसाळ्यात तर रोज तिच्यावर हात फिरवीत. वर्षातून एकदा भेटणाऱ्याला ती वाजू देत नाही, असे ते म्हणत. बेसूर वाजून सारंगीने कोणाचा जीव घेतलेला नाही, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, घराण्याची आठवण आहे, राहू द्या. राहू द्या, पण मग महिन्या-दोन महिन्यांनी ती उघडणारा, पुसणारा, काडतुसे निराळ्या कुलपात ठेवणारा मनुष्य घरात हवा. तो नसेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र जमा करण्याची सोय आहे. त्यात कमीपणा कसला? याच कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वडिलोपार्जित शस्त्रही त्यातून सुटले नाही. दसऱ्याला हौसेने बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैदही आहे.

मामांनी दिवाळीनंतर पिस्तूल जमा केले. परवा फोनवर जरा ओशाळल्यासारखे विचारीत होते, “अरे, यंदा पाटावर काय ठेवू?” मी म्हटले, “अडकित्ता आहे, विळी आहे, आणि मी येताना तंबोरा आणतो. मामींना मात्र सांगा, कुंकू गवसणीला.”