तळ्याकाठच्या प्लॉटसाठी मंडळाची शिफारस मिळणार नाही

गेल्या काही महिन्यांत मंडळाकडे एकच मागणी निरनिराळ्या तोंडांनी आली. वाड्याच्या वाटणीतून आलेल्या पैशांत तळ्याकाठी प्लॉट घेतला आहे, बंगल्याचा नकाशा तयार आहे, पण झोन आड येतो. तेव्हा मंडळाच्या लेटरपॅडवर चार ओळी द्या, नगरसेवकांकडे शब्द टाका. आम्ही नाही म्हटले. रुसवे झाले. "चार पिढ्या बडोद्यात काढल्या, मराठी माणसासाठी एवढेही नाही?" हेही ऐकून घेतले. म्हणून हे जाहीर उत्तर.

चार पिढ्या काढल्या म्हणूनच नाही.

घर बांधणे हा गुन्हा नव्हे. दांडिया बाजारातल्या वाड्यांत तीन-तीन भावांचे संसार एकाच जिन्यावर चढतात-उतरतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण दलालाच्या शब्दावर आधी बानाखत करायचे आणि मग खंडेराव मार्केटच्या पायऱ्या झिजवायच्या, हा क्रमच उलटा. झोनचा दाखला, टी.पी. स्कीममधला फायनल प्लॉट, बिनशेतीचा हुकूम हे आधी पाहावे. रजाचिठ्ठी त्यानंतरची. विकास आराखड्यातला झोन बदलण्याचा अधिकार १९७६ च्या गुजरात नगररचना कायद्याने राज्य सरकारला दिला आहे, तोही सार्वजनिक हितासाठी, राजपत्रात छापून आणि हरकती मागवून. नगरसेवकाबरोबर चहा घेऊन झोन बदलत नाही.

"बांधून टाकू, मग इम्पॅक्ट फी भरू" असेही एका सुशिक्षित गृहस्थांनी सुचवले. त्यांनी तो कायदा वाचावा. तळ्याचे पात्र, नदीचे पात्र, नैसर्गिक निचऱ्याची वाट यांवरचे बांधकाम फी भरूनही नियमित होत नाही. २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातील तळ्याच्या जमिनीवरचे घरांसाठीचे वाटप रद्द ठरवले आणि तिथे राहणाऱ्यांना सहा महिन्यांत जागा सोडायला सांगितले. वाटप सरकारी होते, तरीही!

१८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तळ्यात बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हा नियम कुठे झोपले होते, असे विचारणारे आपणच. त्याच ऑगस्टात विश्वामित्री ३५ फुटांवर गेली, दिवाणखान्यात पाणी शिरले. तेव्हा भुखी कांस कोणी दाबली म्हणून ओरडणारेही आपणच. आता तोच नियम आपल्या कुंपणाशी आला की तो जुलमी कसा होतो?

सयाजीराव महाराजांच्या काळात पॅट्रिक गेडीस यांनी १९१६ साली बडोद्याच्या वाढीचा अहवाल लिहिला. तळी बुजवू नका, स्वच्छ राखा, हे या देशातल्या शहरांना ते सांगत आले. खंडेराव मार्केटची इमारतही महाराजांचीच, १९०६ सालची. तिथे 'आमचे महाराज' म्हणत ताठ मानेने शिरायचे आणि हातात मात्र तळ्याचा काठ मागणारा अर्ज, हे आम्हांला जमणार नाही.

महापालिकेकडे आमचे एकच मागणे आहे: प्रत्येक तळ्याची हद्द मोजून तिचा नकाशा खंडेराव मार्केटमध्ये सर्वांना दिसेल असा लावावा. बिल्डर असो वा आपला सभासद, मोजपट्टी एकच.

ज्यांचा प्लॉट खरोखर निवासी झोनमध्ये आहे आणि फाईल विनाकारण पडून आहे, त्यांच्याबरोबर आम्ही स्वतः खिडकीपाशी उभे राहू. येताना झोनचा दाखला आणि सात-बारा बरोबर आणावा.