संसारोपयोगी वस्तूंची पारख : घरचा लॅपटॉप

आपल्याकडे तांब्याचा हंडा घ्यावयाचा असला, तर घरांतील वडील बायका तो दुकानांतच पालथा घालून बोटांच्या पेरांनीं वाजवून पाहतात. कांठ कसा वळविला आहे, बुडाला कोठें डाक दिलेला आहे काय, हें पाहिल्यावांचून त्या तो तराजूंत टाकूं देत नाहींत. तांदूळ नखानें मोडून, तूप तळहातावर चोळून, लुगडें उजेडाकडे धरून घेण्याची आपली रीत आहे. परंतु पन्नास-साठ हजार रुपयांचा लॅपटॉप घरांत आणतांना मात्र तींच चोखंदळ माणसें खोक्यावरील चिठ्ठींतले चार आंकडे वाचून समाधान पावतात, आणि उरलेला निर्णय विक्रेत्या तरुणाच्या जिभेवर सोंपवितात. ही वस्तु वाजवून पाहतां येत नाहीं असा एक समज झालेला आहे. वस्तुतः येते, कोठें वाजवावयाची एवढेंच ठाऊक असावें लागतें.

लॅपटॉप मुळांत एका माणसासाठीं घडविलेला आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. १९८१ सालीं निघालेला ऑस्बोर्न-१ हा उचलून नेण्याजोगा म्हणविणारा संगणक सुमारें अकरा किलो वजनाचा होता. १९८२ च्या ग्रिड कंपासनें पडदा कळफलकावर मिटण्याची आजची घडी आणली, आणि तीहि प्रवासी अधिकाऱ्याच्या एका मांडीसाठीं. आमच्या एकत्र कुटुंबांत मात्र तो यंत्रांतला जणूं पाणवठाच होतो. सकाळीं मुलाचा अभ्यास, दुपारीं सूनबाईंचें कचेरीचें काम, संध्याकाळीं मामंजींचा प्राप्तिकराचा हिशेब, रात्रीं धाकट्या भावोजींचा चित्रपट. २०२० सालच्या टाळेबंदींत ज्या घरांनीं एका यंत्रापुढें तीन मुलांच्या शाळा भरविल्या, त्यांस हें निराळें सांगावयास नको. तेव्हां आपल्या घरासाठीं कसोटी एकच : हें यंत्र पांच माणसांच्या हातीं पांच वर्षें टिकेल काय? चिठ्ठीवरील बहुतेक मजकूर या प्रश्नास उत्तर देत नाहीं.

चिठ्ठीवर सर्वांत मोठें नांव प्रोसेसराचें असतें. ‘फाइव्ह आहे ना? मग झालें,’ असें म्हणून पुष्कळ जण पुढें जातात. परंतु या पांचाखालीं पुष्कळ कांहीं झांकलें जातें. ए. एम. डी. या कंपनीचा ‘रायझन ५ ७५२०यू’ २०२२ सालीं जाहीर झाला. त्याचें नांव सात हजारांच्या नव्या मालिकेंतलें असलें तरी अंतरंग २०१९ सालच्या ‘झेन-२’ रचनेचें आहे. कंपनीनें हें लपविलेलें नाहीं. त्या मालिकेंत आंकड्यांतला तिसरा अंक रचना सांगतो, आणि येथें तो २ आहे. पण तिसरा अंक पाहावयाचा असतो हें गिऱ्हाइकास कोण सांगणार? इंटेलच्या ‘आय-५ १२३५यू’ या नांवांत पहिले दोन अंक बारावी पिढी दाखवितात. शेवटचें ‘यू’ हें अक्षर कमी वीज खाणारा प्रकार, तर ‘एच’ हें अधिक वीज आणि अधिक ताकद दाखवितें. २०२३ च्या डिसेंबरांत इंटेलनें ‘कोअर अल्ट्रा’ हीं नवीं नांवें आणून त्यांतून ‘आय’ काढून टाकला, म्हणजे जुन्या ओळखींत आणखी घोटाळा! म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं प्रोसेसराचें पूर्ण नांव अक्षरांसह कागदावर लिहून घ्यावें, आणि तें कोणत्या वर्षींच्या रचनेचें आहे एवढें घरांतील एखाद्या जाणत्या मुलाकडून काढवून घ्यावें. त्याहून अधिक या प्रकरणांत शिरण्याचें कारण नाहीं. पत्रव्यवहार, हिशेब, शाळा आणि चित्रपट या कामांस तीन आणि पांच यांतला भेद सहसा जाणवत नाहीं.

जाणवतो तो मेमरीचा, म्हणजे रॅमचा. आठ गिगाबाइट आज पुरते; सोळा असली तर चौथ्या वर्षींहि यंत्र रखडत नाहीं. पण किती आहे यापेक्षांहि ती पुढें वाढवितां येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘एलपीडीडीआर’ जातीची मेमरी बहुतेक यंत्रांत मुख्य पाटीवर झाळूनच बसविलेली असते. ती घेतांना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. कांहीं यंत्रांत मात्र एक खांच मोकळी ठेवलेली असते, आणि तींत तीन वर्षांनीं दुसरी मेमरी घालून यंत्राचें आयुष्य वाढवितां येतें. हा एक प्रश्न विक्रेत्यास विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून मागावें. तो गडबडला तर आपण दुसऱ्या दुकानीं जावें.

साठवणीच्या आंकड्याविषयीं उगाच कोणाचें मन कलुषित होऊं नये म्हणून एक खुलासा करतों. पांचशें बाराचें यंत्र घेतलें आणि विंडोजमध्यें चारशें शहात्तरच दिसलें, तर दुकानदारानें कांहीं चोरलेलें नसतें. बनविणारे एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटींनीं मोजतें. शेर तोच, मापें दोन!

आतां जेथें खरोखर वाजवून पाहावयाचें त्या जागेकडे येऊं. ती म्हणजे बिजागरी. आमच्या परिचयाच्या घरांतून मोडीत निघालेल्या यंत्रांकडे पाहिलें, तर प्रोसेसर थकून यंत्र गेलें असें क्वचितच घडलें आहे. बिजागरी गेली, मग झांकण फाटलें, मग पडद्याची तार तुटली, असाच क्रम बहुधा आढळतो. याचें कारण साधें आहे. स्वस्त यंत्रांत बिजागरी लोखंडी असली तरी ती ज्या स्क्रूंनीं धरलेली असते, ते पितळेच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि त्या नळ्या प्लास्टिकच्या लहान खुंट्यांत रुतविलेल्या असतात. बिजागरींतील वंगण सुकून ती घट्ट झाली, कीं प्रत्येक उघडझांपीचा सारा जोर त्या खुंट्यांवर येतो. मूल घाईंत झांकण एका कोपऱ्यास धरून उघडतें. जोर एकाच बाजूवर पडतो, आणि एके दिवशीं कडक् असा आवाज होतो. ती खुंटी डिंकानें सांधत नाहीं. सगळें खालचें कवच बदलावें लागतें, आणि चार वर्षांच्या जुन्या यंत्राचें कवच मिळविणें म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानें पालथीं घालणें आलें. म्हणून घेतांना झांकण मधोमध एका बोटानें उघडून पाहावें. खालचा भाग उचलला न जातां झांकण हलकें वर आलें आणि नंतर कोठेंहि ठेवलें तरी तेथेंच राहिलें, तर बिजागरी समतोल आहे. पडद्याची मागची बाजू दोन कोपऱ्यांस धरून किंचित् पिळून पाहावी. कांकडीसारखी वळत असेल तर तें यंत्र मुलांच्या घरांत चालणार नाहीं. विक्रेता तोंड वांकडें करील, तर करूं द्यावें. हंडा वाजवितांना तांबट कोठें प्रसन्न असतो?

दुसरी जागा बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आली, आणि तिच्या जनकांपैकीं तिघांस, गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस, २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. इतकी ती उपयोगी वस्तु आहे. पण ती झिजणारी आहे. सामान्यतः तीनशें ते पांचशें पूर्ण आवर्तनांनंतर तिची धारणाशक्ति सुमारें ऐशीं टक्क्यांवर येते. जाहिरातींतल्या ‘दहा तासां’वर विसंबूं नये, वॉट-तास पाहावेत. बेचाळीस वॉट-तासांची बॅटरी असून यंत्र आठ वॉट वीज खात असेल, तर ती सव्वापांच तास चालेल. तेंच पडदा झगझगीत ठेवून चौदा वॉट खाऊं लागलें कीं तीन तास. हा हिशेब मामंजी पेन्सिलीनें करूं शकतील.

जुनें यंत्र कोणाकडून विकत घेत असाल, किंवा घरांतल्याच यंत्राची प्रकृति पाहावयाची असेल, तर विंडोजमध्यें कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यांत मूळची क्षमता व आजची पूर्ण भरलेली क्षमता हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहिलेले असतात. पन्नासाचे तीस झाले असतील तर नव्या बॅटरीचा खर्च किंमतींतून वजा करून बोलावें. उष्णता आणि सदैव तुडुंब भरलेली स्थिति या दोहोंनीं बॅटरी लवकर म्हातारी होते. गादीवर, उशीवर यंत्र ठेवल्यानें खालचीं हवेचीं छिद्रें बुजतात. आमच्याकडे तर उन्हाळ्याची हवाच पुरेशी तापलेली असते. जें यंत्र दिवसभर मेजावर चार्जरला लावलेलें राहतें, त्यांत ऐशीं टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय असल्यास ती चालूं करावी. आणि कळफलकाखालची बोट फिरविण्याची पट्टी फुगून वर आली आहे असें दिसलें, तर त्याच क्षणीं यंत्र बंद करावें, चार्जर काढावा, आणि तें दुरुस्ती करणाराकडे न्यावें. ती बॅटरी फुगली आहे. तिला टोंचणें, दाबणें म्हणजे घरांत आग बोलावणें होय.

कळफलकाविषयीं मराठी घरांची एक स्वतंत्र गरज आहे. आजोबांस आठवणी लिहावयाच्या असतात, आजींस पाककृति. आणि कळांवर तर देवनागरी अक्षर नसतें. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ठरविलेली इनस्क्रिप्ट रचना विंडोजमध्यें उपलब्ध आहे. तींत स्वर डाव्या हातास आणि बहुतेक व्यंजनें उजव्या हातास येतात. अक्षरांच्या चिकट पट्ट्या बाजारांत मिळतात, त्या लावून द्याव्यात. पंधरा दिवस सवय केल्यास वयस्कर माणसें ती बिनचूक चालवितात. मुलें रोमन अक्षरांवरून मराठी उमटवितात तें सोपें खरें, पण ज्यांनीं आयुष्यभर बाराखडी लिहिली त्यांस ‘ळ’साठीं इंग्रजी अक्षर शोधावयास लावणें हें मला तरी अन्यायाचें वाटतें.

यंत्र उत्तम निघालें तरी तें कोणाचें, हा प्रश्न उरतोच; आणि पुष्कळ घरांत धुसफूस होते ती याच जागीं. बिल थोरल्या मुलाच्या नांवें, परवलीचा शब्द सर्वांस ठाऊक, आणि एकाच खात्यांत सगळ्यांचीं पत्रें, बँका, छायाचित्रें! एका घरीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलानें खेळासाठीं जागा करतांना काकूंचें दोन महिन्यांचें भाषांतराचें काम पुसून टाकलें. त्यांत मुलाचा जितका दोष, त्याहून अधिक मांडणीचा. यंत्रांत प्रत्येकासाठीं निराळें खातें उघडण्यास एक पैसाहि पडत नाहीं, आणि नवें कांहीं बसविण्याचा अधिकार घरांतील एकाच प्रौढ माणसाकडे ठेवतां येतो. सुनेच्या खात्यास स्वतंत्र परवलीचा शब्द असणें यांत लपवाछपवी पाहणाऱ्या वडील माणसांनीं, पूर्वीं प्रत्येक सुनेस स्वतःची कुलुपाची पेटी असे हें आठवावें. कचेरीनें दिलेलें यंत्र मात्र या हिशेबांत धरूं नये. तें परक्याची ठेव आहे, आणि त्यावर मुलांचे खेळ येतां कामा नयेत.

याच ओघांत एक धोका सांगणें अगत्याचें आहे. विंडोज-११ च्या पुष्कळ यंत्रांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला कीं सर्व साठवण आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली त्याच खात्यांत ठेवली जाते. एरवी ती कोणी विचारीत नाहीं. परंतु दुरुस्तींत मुख्य पाटी बदलली, कीं यंत्र ती मागतें. आतां दुकानांतल्या मुलानें सौजन्यानें स्वतःच्याच फोनवरून कसलें तरी खातें उघडून दिलें असेल, तर ती किल्ली आणावयाची कोठून? नातवाच्या बारशापासूनचीं छायाचित्रें डोळ्यांदेखत असून नसल्यासारखीं होतात, आणि कोणीहि तज्ज्ञ तीं काढून देऊं शकत नाहीं. म्हणून खातें घरीं येऊन, घरच्या पत्त्यावर उघडावें. किल्लीचे अंक वहींत उतरवून ती वही दागिन्यांच्या कपाटांत ठेवावी. आणि दर महिन्यास छायाचित्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढावी.

जुन्या यंत्रांविषयीं थोडें सांगून थांबतों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार संपविला, आणि साधारणतः २०१८ पूर्वींच्या यंत्रांवर विंडोज-११ अधिकृतपणें बसत नाहीं. तेवढ्यावरून तीं यंत्रें भंगारांत काढण्याची घाई करूं नये. ज्यांत अजून फिरती तबकडी असेल त्यांत ती काढून एसएसडी घातली, आणि विंडोजऐवजीं विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली बसविली, तर वाचणें, लिहिणें, ऐकणें या कामांस तें यंत्र पुनः लागतें. बँकेचे व्यवहार मात्र जुन्या, आधार सुटलेल्या विंडोजवर करूं नयेत. आमच्या शेजारीं २०१५ सालचें असें एक यंत्र आजींच्या खोलींत आहे. बिजागरी गेलेली असल्यामुळें तें भिंतीस टेकवून ठेवलेलें असतें; त्यावर त्या दुपारीं कीर्तनें ऐकतात, आणि चार वाजतां चहा ठेवण्यापूर्वीं आठवणीनें त्याचा चार्जर काढतात.