‘मंजूर’ म्हणण्याआधी

सप्टेंबर म्हणजे साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांचा महिना. विषयपत्रिका वाचायला सुरुवात होते न होते तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो आणि कोट्यवधींचे हिशेब घटकाभरात संमत होतात. सभासदाला मत आहे, पण अहवाल त्याने उघडलेलाही नसतो.

रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ साली जर्मनीतल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून लिहिलं, की संघटना आली की मूठभरांची सत्ता आलीच. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत होतं. तरीही पुढे राज्यात कारखान्यामागून कारखाना एकेका घराण्याच्या हाती गेला. याचं खापर नुसत्या लोभावर फोडून भागणार नाही. माहिती, सवड आणि ओळखी ज्यांच्यापाशी साठतात, त्यांच्याकडेच खुर्ची जाते.

मग सुटकाच नाही का? आहे, असं मला मेंढा-लेखामुळे वाटतं. गडचिरोलीतलं हे गोंड आदिवासींचं गाव जेमतेम पाचशे वस्तीचं. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचंही मन वळलं नसेल, तर विषय पुढच्या सभेवर. आणि त्याहून मोलाचा आहे तिथला अभ्यासगट. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, याची चर्चा तिथे आधी होते. कुणीही येऊन बसावं. गावचे नेते देवाजी तोफा पुढे दिसतात, पण त्यांना ठाऊक असलेलं गावालाही ठाऊक असतं. म्हणूनच २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गाव अडून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांना गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं.

पाचशेंचं गाव आणि हजारो सभासदांचा कारखाना यांची बरोबरी होत नाही, हे खरं. हजारोंची सर्वसहमती मीही मागत नाही. पण अभ्यासगट तर गावागावांत बसू शकतो.

तेव्हा सभासदहो, यंदाचा अहवाल हाती आला की चार जण पारावर बसा, कर्जाचं आणि तोट्याचं पान मोठ्याने वाचा, आणि सभेआधी निदान एक प्रश्न लेखी द्या.