लोकरीचे लाडू

आमचे साडू शिकागोला असतात. तीन-चार वर्षांनी एकदा ते येतात आणि येताना आम्हांला काडीचा उपयोग नसलेली एक वस्तू न चुकता आणतात. मागच्या खेपेस मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा झारा आणला होता. शिरूर अनंतपाळात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो, आणि मोटार माझ्याकडे नाही. झारा सौ. सध्या धपाटे उलथायला वापरते.

यंदा सुती पिशवीतून सहा पांढरेशुभ्र गोळे निघाले. आईने चष्मा न लावताच एक उचलून नाकाशी नेला, "खोबऱ्याचे दिसायलेत" म्हणून देवापुढे ठेवला. आमच्या चिरंजीवांनी दुसरा भिंतीवर आपटून पाहिला आणि 'बॉलिंगला निकामी' असा शेरा मारला. मग साडूसाहेबांनी खुलासा केला. हे लोकरीचे गोळे. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायचे. कपड्यांच्या मध्ये शिरून ते त्यांना सुटे करतात, गरम हवा नीट खेळते, वाळण्याचा वेळ थोडा वाचतो आणि कपडे मऊ करायची ती रसायनं लागत नाहीत. "अगदी नैसर्गिक आहे हो!" साडूसाहेब म्हणाले.

आता माझे भांडण गोळ्यांशी नाही, हे आधीच सांगतो. लोकर गुणाचीच वस्तू. तिच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घोळवून चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि घट्ट गोळा बनतो. स्वतःच्या वजनाच्या तिसरा हिस्सा ओल पिऊनही ती हाताला कोरडी लागते. (हे कसब आमच्या शाखेत काही जणांना वेगळ्या द्रवाच्या बाबतीत साधले आहे.) त्या रसायनांचे म्हणाल तर ती धाग्यावर पातळ लेप चढवतात. टॉवेल लोण्यासारखा मऊ होतो आणि अंग पुसायच्या कामाचा राहत नाही. इथवर साडूसाहेबांचे शंभर टक्के बरोबर.

भांडण आहे ते 'नैसर्गिक' या शब्दाशी. आधी घरात विजेची भट्टी आणायची, तिच्यात ओले कपडे भाजायचे, आणि भट्टीत लोकरीचा गोळा टाकला म्हणून सगळा व्यवहार नैसर्गिक झाला म्हणायचे! मी कॉमर्सचा माणूस. माझ्या खतावणीत नावे बाजूला यंत्र, वीज, दुरुस्ती आणि सहा गोळे. आता आमच्या गच्चीचे खाते बघा: दोरी एक, चिमटे बारा, ऊन फुकट. मे महिन्यात सौ. दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा बनियन वाळून पापडासारखा वाजायला लागतो.

"मग तिकडेही दोरी बांधा की," मी म्हणालो. साडूसाहेब खजील झाले. त्यांच्या कॉलनीच्या नियमात दोरी बसत नाही. दोरीवरचे कपडे दिसले की घरांच्या किमती उतरतात म्हणे. मला वाटले, थाप मारतात. पण खरेच अमेरिकेत काही राज्यांना माणसाचा कपडे वाळत घालण्याचा हक्क राखायला कायदे करावे लागले आहेत. पुण्यात माझ्या भाच्याच्या सोसायटीत गेल्या वर्षी 'गॅलरीत कपडे दिसू नयेत' अशी पाटी लागली, तेव्हा ही साथ समुद्र ओलांडून आली हे कळले. मला राग येतो तो इथे. उन्हाची लाज वाटायला लागली की मग यंत्र लागते, आणि यंत्राची लाज वाटायला लागली की गोळे लागतात.

शिकागोच्या जानेवारीत पायजमा गोठून उभा राहत असेल, तिथे यंत्राला माझी ना नाही. आमच्याकडेही श्रावणात दमट वास येतोच. पण लातूर जिल्ह्याला वाळवण्याची चिंता कधी पडली? आमची चिंता भिजवण्याची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या दिवसांत सौ. धुण्याचे पाणी फरशीला, आणि फरशीचे संडासाला वापरत होती.

तरी एक गोष्ट राहिलीच आणि ती सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आमच्या भागात धनगरांचे कळप दरवर्षी येतात. शेतात मेंढ्या बसवतात, शेतकरी खताच्या बदल्यात धान्य-पैसे देतो. ही दख्खनी मेंढी. काळी, काटक; लोकर भरड आणि टोचरी. पूर्वी तिचे घोंगडे होई, ताण्याला चिंचोक्याची खळ लागे. आता घोंगडे कोणी घेत नाही. लोकरीच्या पैशात कातरणीची मजुरी सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात.

दोन वर्षांपूर्वी असाच एक म्हातारा माझ्या काउंटरवर कर्ज मागायला आला होता. लोकर गोळा करून काहीतरी विणायचे होते. त्याच्या अर्जावर 'मालास बाजारपेठ नाही' हा शेरा माझ्याच सुंदर हस्ताक्षरात आहे.

परवा तो पासबुक भरायला आला. मी खिशातून एक गोळा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दाबला, उसवून आत बघितले.

"लोकर हाय की, सायेब. आपली न्हाई, आपली काळी."

"न्यूझीलंडची आहे."

"कितीला?"

"सहा गोळे पंधरा डॉलर." मी रुपयांत करून सांगितले. नकळत आवाज बारीक झाला.

म्हातारा बराच वेळ गोळा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "सायेब, माजा त्यो कागुद परत काडता का?"

मी म्हणालो, "मॅनेजरसाहेब रजेवर आहेत. सोमवारी या."