आजोबांचे घड्याळ

अनेक घरांत आजोबांचे एखादे एच.एम.टी. 'जनता' घड्याळ पेटीत बंद पडून असते. "दुरुस्तीपेक्षा नवे घेतलेले बरे," असे लोक म्हणतात. मला हे पटत नाही. नवे घड्याळ वेळ दाखवील, पण ते आजोबांच्या हातावर कधी नव्हते.

सरकारी एच.एम.टी. कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. 'जनता'ला सेल लागत नाही. किल्ली दिली की आतली कमान गुंडाळली जाते आणि उलगडताना चाके फिरवते. सेकंदाला पाच टिकटिक! मोजून पाहा, दमून जाल.

मात्र घड्याळ सापडताच किल्ली देत बसू नका. आतले तेल वाळलेले असते. तसेच चालवले तर भाग झिजतात. आधी घड्याळजीकडे न्या. तो सगळे भाग सुटे करून धुतो आणि थेंबभरही नाही इतके तेल देतो. काच बदला, पट्टा बदला. तबकडी मात्र रंगवू देऊ नका. जिच्याकडे पाहून आजोबा कामाला निघत, ती हीच.

हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. आता सुटे भाग बहुधा जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. म्हणून अगदी निकामी घड्याळसुद्धा भंगारवाल्याला देऊ नका, घड्याळजीला द्या.