विजयाच्या हिशेबातील चौपन्न नावे
खास प्रतिनिधी

दरवर्षी १६ डिसेंबरला १९७१ च्या युद्धातील विजयाचा दिवस देशभर साजरा होतो. ढाक्यातील शरणागती आणि ९३ हजार युद्धकैद्यांच्या आठवणी जागवल्या जातात. या हिशेबातील एक बाकी मात्र अद्याप चुकती झालेली नाही. युद्धावर गेलेले, परत न आलेले आणि ज्यांच्या मृत्यूचा पुरावाही मिळाला नाही, अशांची कुटुंबे पन्नासहून अधिक वर्षे उत्तराची वाट पाहत आहेत.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे त्यांपैकी एक. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोटवरील हल्ल्यात त्यांचे विमान पाडले गेले. पत्नी दमयंती या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. विवाहाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत तांबे यांच्याशी मिळतेजुळते नाव तत्कालीन पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले आणि आशेला आधार मिळाला. दमयंती यांनी पुनर्विवाह केला नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी करीत त्यांनी पतीचा शोध चालू ठेवला.

आशा बाळगण्यास कारणेही होती. मेजर ए. के. घोष यांचे तुरुंगाच्या गजांआडचे छायाचित्र डिसेंबर १९७१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाले होते. मेजर अशोक सुरी यांचे पत्र युद्धानंतर तीन वर्षांनी वडिलांच्या हाती पडले. तथापि, पाकिस्तानने असे कोणी आपल्या ताब्यात असल्याचे कधीच मान्य केले नाही. १९८३ मध्ये काही नातेवाईकांना मुलतानच्या तुरुंगात नेण्यात आले. २००७ मध्ये १४ नातेवाईकांनी पाकिस्तानातील अनेक तुरुंग पाहिले. दोन्ही वेळा ते रिकाम्या हाताने परतले.

पाकिस्तानचा नकार समजण्याजोगा आहे. अधिक क्लेशदायक आहे ती आपल्याच सरकारची दुहेरी भूमिका. सरकारच्या यादीत चौपन्न जणांची नावे होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, पाकिस्तान नकार देत असल्याने हे जवान मृत झाले असावेत असे आम्ही गृहीत धरतो, अशा आशयाचे उत्तर सरकारतर्फे देण्यात आले. पुढे २०१९ मध्ये संसदेत मात्र बेपत्ता ८३ संरक्षण कर्मचारी पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानले जाते, असे सांगण्यात आले. एकाच राज्यसंस्थेच्या लेखी माणूस न्यायालयात मृत आणि संसदेत जिवंत!

सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या व्यक्तीस मृत मानण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यातून निवृत्तिवेतनाचा आणि मालमत्तेचा प्रश्न सुटतो; शोक करण्याचा अधिकार मिळत नाही. मृत्यूची वार्ता आली तर माणूस रडून मोकळा होतो. इथे सौभाग्याची खूण पुसावी की जपावी, श्राद्ध करावे की न करावे, हा निर्णय दर वर्षी नव्याने घ्यावा लागला. प्रतीक्षा करणाऱ्या अनेक माता-पित्यांनी उत्तराविनाच जगाचा निरोप घेतला.

दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. बेपत्ता जवानांचा उल्लेख भारत त्या वेळी करतो. पण तो उपचारापुरता उरला आहे. निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती हे एक साधन होते. २०१३ नंतर तिचे काम थंडावले. आता कोणी जिवंत परतेल ही शक्यता फार क्षीण आहे. म्हणूनच मागणीही साधी असावी : ताब्यात घेतल्याच्या, स्थलांतराच्या आणि दफनाच्या नोंदी खुल्या व्हाव्यात, आणि भारत सरकारने प्रत्येक नावापुढे आपल्याला काय माहीत आहे ते कुटुंबाला लेखी कळवावे. या दुसऱ्या गोष्टीसाठी इस्लामाबादच्या परवानगीची गरज नाही.