कुष्ठरोग: गोळ्या संपल्या तरी नस तपासा

कुष्ठरोग हा मुळात नसांचा आजार आहे. कातडीवरचा बधिर चट्टा आधी नजरेत भरतो. पण अपंगत्व येते ते नस निकामी झाल्यामुळे. 1873 साली नॉर्वेत हॅन्सन यांनी शोधलेला हा जंतू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींमध्ये घर करतो. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून कातडीलगतच्या नसा आधी त्याच्या तावडीत सापडतात. कोपराजवळची अल्नर नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात. गुडघ्याखालची कॉमन पेरोनियल गेली की पाऊल लोंबते. घोट्यामागची पोस्टिरियर टिबियल गेली की तळव्याची संवेदना जाते आणि चप्पल पायातून निसटली तरी रुग्णाला कळत नाही. फेशियल नसेवर आघात झाला की पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते.

नसेचे मोठे नुकसान होते ते जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेतून. या ‘रिअ‍ॅक्शन’मध्ये नस सुजते, आवरणात दाबली जाते आणि उपचार लांबला तर कायमची निकामी होते. रिअ‍ॅक्शन औषधे चालू असताना येते, तशी ती संपल्यावरही येते. काही रुग्णांत तर वेदना नसतानाच ताकद आणि संवेदना कमी होत जाते.

बहुविध औषधोपचाराचा कालावधी 6 किंवा 12 महिन्यांचा. तो पुरा झाला की रुग्णाचे नाव उपचाराधीन यादीतून निघते आणि रोगाचा दर त्या यादीवरूनच काढला जातो. 2005 अखेर भारताने दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठले. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतातच सापडतात आणि महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोलीचा पट्टा अजून रोगग्रस्त आहे. यादीतून वगळलेल्या माणसाची नस मात्र कोणत्याच आकड्यात येत नाही.

ती तपासायला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाचे कोपर किंचित वाकवून आतल्या हाडाच्या उंचवट्यामागील खोबणीत बोटे हलकेच फिरवावीत. नस जाड लागते का, हे दुसऱ्या हाताशी ताडून पाहावे. दाबताना लक्ष रुग्णाच्या चेहऱ्याकडे असावे. तोंडातून ‘आई गं’ निघण्याआधी दुखणे तिथे उमटते. मग करंगळी बाजूला ताणायला लावून तिची ताकद पाहावी, डोळे घट्ट मिटायला सांगावे, तळहात आणि तळव्यांची संवेदना मोनोफिलामेंटने किंवा बॉलपेनच्या टोकाने तपासावी. निष्कर्ष नोंदवून ठेवले तरच पुढच्या भेटीत फरक कळतो.

बिघाड 6 महिन्यांच्या आतला असेल तर प्रेडनिसोलोनने नस सावरण्याची शक्यता चांगली असते. सामान्यतः रोज 40 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी. त्याआधी मधुमेह आणि क्षयरोग तपासावा. कुष्ठरोगाची औषधे चालू असतील तर ती थांबवू नयेत. जुन्या बधिरतेवर गोळी चालत नाही. तिथे रोज पाय भिजवणे, तेल लावणे, भेगा पाहणे आणि मऊ मायक्रोसेल्युलर रबरच्या (एमसीआर) चपला हाच उपचार. हाताची बोटे वाकडी झाली असतील तर स्नायुबंध-स्थलांतराच्या शस्त्रक्रियेने पकड परत मिळू शकते. 1940च्या दशकाअखेर पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला ते दाखवून दिले.

कुष्ठरोगाची सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळल्यापासून हा रुग्ण प्रथम येतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खासगी दवाखान्यात. प्रत्येक डॉक्टरने अशा रुग्णाच्या नसा दर भेटीत तपासाव्यात आणि औषधे संपल्यानंतरही त्याला ठरावीक मुदतीने बोलवावे.